बेबीताईंचा डबा

बेबीताई इंगोले सत्तरी ओलांडून बऱ्याच पुढे निघाल्या होत्या, तरी बेबीताईच होत्या. आमच्या वऱ्हाडात हे चालतं. शेंडेफळ म्हणून जन्मलेल्या मुलीला कोणीतरी लाडानं बेबी म्हणतं. मग तिचं लग्न होतं, सून येते, कवळी बसते, पण नाव काही वाढत नाही. त्यांचं खरं नाव काय होतं, ते इतकी वर्षं समोर राहूनही मला कळलं नाही. विजेच्या बिलावर अजून त्यांच्या यजमानांचंच नाव यायचं. फाटकावरच्या पाटीवरही तेच. यजमान जाऊन मात्र बराच काळ झाला होता.

मी एसटीत कंट्रोलर होतो. आधी दर्यापूर, मग मूर्तिजापूर, शेवटी अमरावती. माइकसमोर बसून अमुक गाडी तमुक फलाटावरून सुटत आहे, असं ओरडण्यात जन्म गेला. त्यामुळे जाणाऱ्या माणसाचं मला फारसं काही वाटत नाही, असा माझा आणि आमच्या सौभाग्यवतींचा समज होता. बेबीताईंचं नेमकं उलट. त्यांच्याकडे आलेलं माणूस जायला उठलं, की त्यांना काहीतरी व्हायचं.

त्यांच्या फाटकातून आत जाणं सोपं होतं. बाहेर पडणं ही वेगळी विद्या होती. गॅसचं सिलिंडर आणणारा गडी तर त्यांच्या घराला शेवटचा नंबर द्यायचा. सिलिंडर लावून झालं, की "नळी पाहून दे न बाप्पा, वास येऊन राहिला मले." नळी पाहून झाली, की "पाणी पे." पाणी पिऊन तो उठला, की "नुसतं पाणी पेतात का? थांब, गूळ आनतो." गूळ आणायला म्हणून ज्या आत जायच्या, त्या चहाचं आधण ठेवूनच बाहेर यायच्या. चहाही हप्त्याहप्त्यानं. आधी दूध आहे का ते बघायचं, मग आल्याचा तुकडा शोधायचा, मग साखर कमी की जास्त ते विचारायला बाहेर यायचं. शेवटी गडी फाटकापर्यंत पोचला, की कडीवर हात ठेवून एक प्रश्न. तो प्रश्न साधा नसायचा. "तुयी आई कशी हाये आता?" असा असायचा. आईबद्दल विचारणाऱ्या बाईला टाकून कसं जाणार?

कॉलनीतली माणसं त्यांच्या घरासमोरून जाताना चाल वाढवायची. आमच्या गल्लीतले एक निवृत्त साहेब तर मोबाईल कानाला लावून "हो, हो" करत जायचे. एकदा नेमका फाटकासमोर तो मोबाईल कानातच खणखणीत वाजला. बेबीताईंनी फाटक उघडलं आणि म्हणाल्या, "आता आलेच हा त या, चहा ठेवतो."

पण त्यांची एक गोष्ट आम्हाला कळायची नाही. पाहुण्याला इतकं अडवणारी ही बाई पाहुणा एकदाचा निघाला, की त्याच क्षणी पाठ फिरवायची. तुमची गाडी सुरू व्हायच्या आत त्यांचं दार धाडकन लागलेलं असायचं. मला तर ते उद्धटपणाचं वाटायचं. आमच्या हिनं एकदा विचारलंच, "ताई, इतकं थांबवता अन् मंग जाताना पाहत बी नाही?"

बेबीताई म्हणाल्या, "पाठमोरं मानूस पायलं का मले घर मोठं दिसते."

 त्यांचं घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक ओटा, एवढंच होतं.

मुलगा बंगलोरला. चांगला होता पोरगा, उगाच त्याला बोल लावत नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी एकच बोलणं व्हायचं. तू एकटी आहेस, इकडे ये. बेबीताई जायला तयार नव्हत्या. त्या एकदा महिनाभर तिथं राहून आल्या होत्या. "तिथं फाटकच नाई," त्या हिला सांगत होत्या, "लिफ्ट हाये. लिफ्टीत कोनाले थांबवू मी? दार आपोआप लागते तिचं." पण एकटेपणाचा मुद्दा सुटायचा नाही. मुलगा म्हणायचा, संध्याकाळी तुझ्याकडे कोण येतं सांग. त्या विषय बदलायच्या.

आणि मग भादव्यात ती मॅडम आली.

एका कॉलेजात चित्रकला शिकवणारी तरुण पोरगी. कॉलनीच्या समाजमंदिरात तिनं आम्हा म्हाताऱ्यांची सभा घेतली. योजना अशी, की तिच्या वर्गातल्या मुलींनी भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे कोजागिरीपर्यंत, रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचं. आमच्याबरोबर मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे आमच्याकडचे पार्वती-शंकर, घडवायचे, गाणी शिकायची, जुन्या गोष्टी ऐकायच्या आणि त्या गोष्टींमधून समाजमंदिराची लांबलचक पांढरी भिंत रंगवायची. 'दोन पिढ्यांचा संवाद' असा फलकही तिनं आणला होता. आमच्याकडे फलकाशिवाय संवाद सुरू होत नाही.

सभेत प्रत्येकानं आधी आपापला आजार सांगितला. कोणाचे गुडघे, कोणाचं बीपी, कोणाची सातची मालिका. बेबीताईंनी एकच विचारलं, "पोरी किती वाजेपर्यंत बसतीन?"

"साडेसात, काकू. आठला होस्टेलचं फाटक बंद होतं."

"होस्टेलले बी फाटक हाये का?" बेबीताई म्हणाल्या आणि खूश झाल्या.

मालिका आणि बीपीवाले आठवडाभरातच गळाले. सगळा मेळा बेबीताईंच्या ओट्यावर येऊन स्थिरावला. त्यात प्रणाली नावाची अकोल्याची एक मुलगी होती. सडपातळ, कमी बोलणारी, बाकीच्या मुली फोटो काढत असताना मातीत हात घालून बसणारी. तिनं पहिली भुलाबाई घडवली ती अगदी कंबर बारीक, मान उंच. बेबीताईंनी ती हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली.

"उपाशी दिसून राहिली व माय," त्या म्हणाल्या. "महिन्याभरासाठी माहेरी आली हाये ते. जेवू घाल तिले."

प्रणाली हसली आणि तिनं भुलाबाईच्या कमरेला मातीचा एक गोळा लावला. तेव्हापासून ती बेबीताईंच्या डाव्या हाताला बसायला लागली.

भुलाबाईची रीत अशी, की टिपऱ्यांवर गाणी झाली की ज्यांच्या घरी गाणी त्यांनी खाऊ द्यायचा. पण तो सुखासुखी मिळत नाही. बंद डब्यातून येतो. पोरींनी डबा हलवायचा, कान लावायचा, गोड की तिखट विचारायचं आणि ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि डबा उघडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. शेकडो वर्षांपासून ही गंमत चालत आली असेल, पण बेबीताईंइतकी ती कोणी मनावर घेतली नसेल.

पहिल्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू होते. डबा हातात घेताच एक मुलगी म्हणाली, "लाडू!" डबा उघडला, लाडू संपले, पोरी गेल्या. बेबीताई ओट्यावर रिकामा डबा घेऊन उभ्या राहिलेल्या मला आमच्या पायरीवरून दिसल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात कापूस भरलेला होता. हलवला तरी आवाज नाही. तिसऱ्या दिवशी डब्याला टॉवेल गुंडाळलेला. पुढं तर त्या असे पदार्थ करायला लागल्या, की ते त्या पोरींनी जन्मात ऐकले नव्हते. कोहळ्याची गुळातली बोंडं, सांजोऱ्या, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. पोरी आपल्या मोमो आणि पास्त्यापर्यंत जाऊन यायच्या. "तोंडाले पानी सुटीन असं काही सांगा न आज्जी!" असा ओरडा व्हायचा. बेबीताई डबा मांडीवर घेऊन, झाकणावर तळहात ठेवून, तोंड घट्ट मिटून बसायच्या. त्यांचे डोळे मात्र इतके हसायचे, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. चाल वाढवणारीच माणसं ती.

एका रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा मी आणि ही ओट्यावरच होतो. "एकटी काहून?" बेबीताई म्हणाल्या. "कान लाव, आयक." आणि त्यांनी फोन पोरींच्या घोळक्याकडे धरला. पुष्कळ वेळ धरून ठेवला. बंगलोरला जायचं त्या रविवारी कोणी बोललं नाही.

प्रणालीही रोज चुकायची. चुकायची म्हणजे अगदी भलतंच सांगायची. बोंडांना ती चकली म्हणायची. मला वाटायचं, अकोल्यासारख्या गावातली पोरगी, हिला घरी कोणी खाऊ घातलं की नाही.

मग ती संध्याकाळ आली. आदल्या दिवशी बोंडं झाली होती. त्या कोहळ्याच्या बिया बेबीताईंनी धुऊन, वाळवून, तुपात परतून मीठ लावून डब्यात भरल्या, वरून कापूस. पोरींनी सगळं सांगून पाहिलं. गोड नाही, तिखट नाही, तळलेलं नाही, भाजलेलं म्हणावं तर तसंही नाही. साडेसात वाजले. मॅडम त्या दिवशी आली नव्हती. "सांगा न आज्जी, हरलो आमी," एक मुलगी म्हणाली. "हरले म्हनून चालत नाई, ओळखा," बेबीताई म्हणाल्या. शेवटी पोरी घड्याळ पाहून रडकुंडीला आल्या, तेव्हा त्यांनी डबा उघडला.

"बिया?" कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. पोरी चपला घालून रिक्षाकडे पळाल्या.

होस्टेलचं फाटक बंद झालं होतं. रेक्टरबाईंनी पोरींना बाहेर उभं केलं, घरोघरी आईबापांना फोन केले. दुसऱ्या दिवशी मॅडम आली, अगदी अवघडून. "तुमचं काही चुकलं नाही, काकू. पण कॉलेजवाले परवानगीच काढून घेत होते. आता गाणी समाजमंदिरात करू. मी स्वतः वेळेवर नेईन मुलींना. तुम्ही तिथं या."

बेबीताईंनी तिला चहा विचारला नाही. ती फाटकाबाहेर गेली तरी कडीवर हात ठेवला नाही. इतक्या वर्षांत असं घडलेलं मी पाहिलं नव्हतं आणि मला ते पाहवलं नाही.

त्या एक दिवस समाजमंदिरात जाऊन आल्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. गाणी झाली, मॅडमनं बिस्किटांचे पुडे वाटले. बिस्किटाच्या पुड्यात ओळखायचं काय? वर नाव छापलेलं असतं. घड्याळ पाहून पोरींना रिक्षात बसवलं आणि दिवे बंद झाले. त्यानंतर त्या गेल्या नाहीत.

पण खाऊ करणं थांबलं नाही. संध्याकाळी ओटा झाडलेला असायचा, दिवा लागलेला असायचा आणि बेबीताई डबा मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. तिकडून टिपऱ्यांचा आवाज यायचा. तो थांबला, की त्या उठून आत जायच्या. रविवारी फोन आला, तर तो त्यांनी कुठंच धरला नाही. नुसतं "हो" म्हणत राहिल्या.

एका सकाळी तो डबा घेऊन आमच्याकडे आल्या. टॉवेल, कापूस, सगळं जसंच्या तसं. "ओळखा भाऊ."

घरभर गुळाचा आणि कोहळ्याचा वास सुटला होता. मी पेपर वाचता वाचता म्हणालो, "बोंडं."

"हो," त्या म्हणाल्या. डबा ठेवला आणि निघून गेल्या. आल्या काय, गेल्या काय.

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "इतक्या लवकर काहून ओळखलं तुमी?"

"अगं, वास येत होता."

"वास मले बी आला," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी जेवणात माझ्याशी बोलली नाही.

समाजमंदिराची भिंत आमच्या घराला लागून आहे. प्रणाली दुपारी एकटी येऊन तिथं रंगवत असायची. बाकीच्यांनी बैलजोड्या, विहिरी, पाणी भरणाऱ्या बाया काढल्या होत्या. प्रणालीनं बेबीताई काढल्या होत्या. मांडीवर डबा, झाकणावर तळहात. ही तिच्यासाठी चहा घेऊन गेली, मी कप परत आणायला म्हणून मागं गेलो.

"सगळंच चुकलं न व," ही म्हणाली. "एक बी खाऊ तुमाले ओळखता नाही आला."

प्रणाली ब्रश धूत होती. "मले यायचा, काकू," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. माया आजीनं वाढवलं मले. हेच सारं करे ते. डबा आला का वासानंच समजे मले. त्या दिवशी बिया बी समजल्या होत्या."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"होस्टेलवर जाऊन काय करू?" ती म्हणाली. "आजी गेली माही मागच्या साली. रूमवर गेलं का लाईट लावून बसा लागते नुसतं."

 हिनं पदरानं प्रणालीच्या गालावरचा रंग पुसला. तो काही निघाला नाही.

कोजागिरीला भुलाबाई सासरी पाठवायची असते. त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास गल्लीत गलका झाला. प्रणाली पुढं, हातात मखरासाठी ज्वारीचे लांब धांडे, मागं सगळ्या पोरी, त्यांच्यामागं मॅडम. शेवटची गाणी आज्जीच्या ओट्यावर, वेळेवर परत नेण्याची जबाबदारी मॅडमची, असं पोरींनी ठरवून आणलं होतं. बेबीताईंना काहीच माहीत नव्हतं. त्या रोजच्यासारख्या दिवा लावून बसल्या होत्या. त्यांना उठायलाही सुचलं नाही.

धांड्यांचा मखर उभा राहिला. मातीची जोडी आत बसली. गाणी झाली, एकामागून एक. त्या दिवशी पोरींना घाई नव्हती, आणि त्यांनी आपसात काय ठरवलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बेबीताईंनी आतून डबा आणला. एका मुलीनं तो हलवला. आवाज नाही. सगळ्या वाकून बसल्या.

"चकल्या?" प्रणाली म्हणाली.

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दारातून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. आणि झाकणावरचा हात काढून घेतला.

"शेंगदान्याचे लाडू हायेत," त्या म्हणाल्या.

पोरी बघतच राहिल्या. प्रणाली म्हणाली, "आज्जी, आमी ओळखलं असतं न. थांबा न जरा!"

"तुले त पयल्या दिवसापासून माईत रायते. नाक फुगते तुयं." बेबीताईंनी कापूस बाजूला केला. "घ्या एकेक अन् निंघा, पोरीहो. फाटक बंद होईन तुमचं."

त्यांनी स्वतः प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवला. प्रणालीच्या हातावर दोन ठेवले. कोणाला पाणी विचारलं नाही, गूळ विचारला नाही, कोणाच्या आईचं विचारलं नाही. पुढं होऊन फाटक सताड उघडलं आणि उघडं धरून उभ्या राहिल्या. पोरी भुलाबाई डोक्यावर घेऊन निघाल्या. बेबीताईंनी पाठ फिरवली नाही. टिपऱ्यांचा आवाज वळणापलीकडे गेला, रिक्षा सुरू झाल्या, त्यांचाही आवाज गेला, तरी त्या बघत होत्या.

"ताई, आत चला न," ही म्हणाली.

"पाहू द्या न व," त्या म्हणाल्या. जरा वेळानं आपल्या घराकडे वळल्या. "मोठं दिसतेच. दिसू दे."

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्यांनीच मुलाला फोन लावला आणि म्हणाल्या, "घ्याले ये मले. लिफ्टीचं दार आपोआप लागते त लागू दे, आता कोनाले थांबवाचं नाई मले."

दिवाळी झाल्यावर तो आला. नागपूरच्या विमानतळापर्यंत भाड्याची गाडी होती. सामान फार नव्हतंच. बेबीताईंनी फाटकाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली, आणि टॉवेलात गुंडाळलेला डबा हिच्या हातात.

"ओळखल्याशिवाय उघडायचा नाई," त्या म्हणाल्या.

गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. गाडी सुरू व्हायच्या आतच आमची ही पाठ फिरवून घरात गेली. मी थांबलो. गाडी सुटेपर्यंत उभं राहायची सवयच आहे मला. काचेतून त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता, समाजमंदिराच्या भिंतीशी गाडी वळली आणि तो दिसेनासा झाला. भिंतीवरच्या बेबीताई तेवढ्या डबा घेऊन बसल्या होत्या.

आत आलो तर ही डबा टेबलावर ठेवून समोर बसली होती. मीही बसलो. टॉवेलातून शेंगदाण्याचा आणि गुळाचा इतका वास येत होता, की रस्त्यानं जाणाऱ्यानंही सांगितलं असतं. हिनं डबा हलवला, कान लावला. आवाज नव्हता.

"चकल्या असतीन," ती म्हणाली.

"छे," मी म्हणालो. "चिवडा."

"मंग शंकरपाळे."

"अनारसे असतील."

दिवा लावायची वेळ झाली, तरी आम्हा दोघांना काही तो खाऊ ओळखता आला नाही.